गावनाल्यावरचा मातीचा तलाव: पूर थोपवण्यात किती भरवशाचा?

यवतमाळ जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर बांधलेला मातीचा साठवण तलाव. पाळ ३१० मीटर लांब, नाल्याच्या तळापासून सगळ्यात उंच जागी ९ मीटर. पाणलोट ४ चौरस किलोमीटर. सांडव्याच्या, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या मोकळ्या वाटेच्या, उंबऱ्यापर्यंत भरला की पाणी १२ हेक्टरवर पसरतं आणि साठा होतो साधारण ३३० टीसीएम, म्हणजे ३ लाख ३० हजार घनमीटर. उजव्या काठाला ३० मीटर लांबीचा मोकळा सांडवा, पाणी सोडण्यासाठी पाळीच्या पोटातून गेलेला ३०० मिलिमीटरचा विमोचक नळ, आणि पाळीखाली पाऊण किलोमीटरवर गाव. विदर्भात असे तलाव गावोगाव आहेत. पाण्याच्या अंगाने त्यांच्याबद्दल भरपूर बोललं जातं: किती भरला, किती वावर भिजलं, विहिरींना किती पाझर आला. हे परीक्षण त्याच तलावाच्या दुसऱ्या कामाचं आहे. झड लागली की तो खालच्या गावाचा पूर किती कमी करतो, आणि काय चुकलं तर तोच गावावर येतो.

आमचे गुण आधीच सांगतो. बांधकामाला पाचपैकी चार, पूर थोपवण्याच्या ताकदीला साडेतीन, देखभालीला एक.

गाळ काढला, तलाव खोल झाला, आता पुराची भीती गेली, हे वाक्य ग्रामसभेत हमखास ऐकू येतं. पुरापुरतं ते चूक आहे. या भागात वर्षाला ८५० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला चौथा हिस्सा वाहून आला असं मानलं, तरी ४ चौरस किलोमीटरवरून साडेआठ लाख घनमीटर पाणी येतं. तलावाच्या पोटात मावतं त्याच्या अडीचपट. म्हणजे बऱ्या पावसाच्या वर्षी जुलै सरता सरता तलाव उंबऱ्याला लागतो. घात करणारा पाऊस येतो त्यानंतर. जूनमध्ये काळ्या जमिनीला हात हात भेगा असतात, पहिले चांगले पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या झडीने जमीन तुडुंब झालेली असते, आणि मग पडलेल्या पावसाचा निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा सरळ नाल्याला लागतो. त्या दिवशी तलाव आधीच भरलेला असतो. तळातला गाळ काढून मिळालेली जागाही भरलेली असते. मग पूर अडवतं कोण? उंबऱ्याच्या वरची मोकळी जागा.

हे आकड्यांत पाहिलं की पटतं. भरलेल्या तलावावर तीनेक तासांत १०० मिलिमीटर पाऊस कोसळला असं धरा. निम्मं पाणी वाहून आलं, म्हणजे २ लाख घनमीटर. ऐन भरात नाल्यातून तलावात सेकंदाला ३३ घनमीटर पाणी शिरेल. पण सांडव्यावरून तेवढं पाणी तेव्हाच बाहेर पडू शकत नाही. सांडव्याचा साधा हिशेब असा: लांबीला १.७ ने गुणायचं आणि उंबऱ्यावरच्या पाण्याच्या मीटरमधल्या उंचीच्या दीड घाताने गुणायचं. ३० मीटरच्या सांडव्यावर १५ सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला जेमतेम ३ घनमीटर निघतं, ३० सेंटिमीटरला साडेआठ, ६० सेंटिमीटरला साडेतेवीस. तोवर आलेलं बाकीचं पाणी १२ हेक्टरवर पसरत वर चढतं. वर चढलेला प्रत्येक १० सेंटिमीटरचा थर म्हणजे १२ हजार घनमीटर. हा सगळा हिशेब मांडला की पाणी उंबऱ्यावर साधारण ५७ सेंटिमीटर चढतं आणि खाली जाणारा सर्वांत मोठा लोंढा २२ घनमीटरचा राहतो. तोही नाल्याच्या मूळ लोंढ्यापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा. काठोकाठ भरलेल्या तलावानेसुद्धा पुराचा तिसरा हिस्सा कापला. एक थेंब जास्तीचा न साठवता, नुसता रोखून धरून.

यात खरं काम करतो तो पसारा. हाच सांडवा, हाच पाऊस, पण पाण्याचा पसारा १२ ऐवजी ४ हेक्टर असता, तर लोंढा ३३ वरून २८-२९ पर्यंतच उतरला असता. म्हणून अरुंद घळीत उंच पाळ घालून केलेले तलाव पाणी साठवायला छान, पूर अडवायला बेताचे. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे जुने मालगुजारी तलाव, या बाबतीत उजवे ठरतात. उथळ, पसरट, एकाखाली एक साखळीने बांधलेले. वरच्याचा सांडवा खालच्याला भरतो आणि प्रत्येक टप्प्यावर लोंढा बसका होत जातो. साखळीचा धोकाही तितकाच खरा. वरचा फुटला तर खालचे पत्त्यांसारखे जातात.

साडेतीनच गुण दिले त्याचं कारण विमोचक. त्याचा पुरासाठी वापरच होत नाही. ३०० मिलिमीटरच्या नळातून तलाव भरलेला असताना सेकंदाला साधारण ०.३ घनमीटर पाणी निघतं, म्हणजे दिवसाला २६ हजार घनमीटर, आणि १२ हेक्टरवर जेमतेम २२ सेंटिमीटर. आकडा किरकोळ वाटतो. पण नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा दोन दिवस आधी येतो. वरून मोठी आवक नसेल तर तेवढ्या दोन दिवसांत पाणी उंबऱ्याखाली जवळपास हातभर उतरतं. वरचाच पाऊस अशा तलावावर पडला तर लोंढा २२ ऐवजी १५ घनमीटरच्या आसपास राहतो. मूळच्या निम्म्याहून कमी. शेतकऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे, सोडलेलं पाणी परत भरलं नाही तर रब्बीचं काय? म्हणून हे ऑगस्टअखेरपर्यंतच करावं आणि ४५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. नळ याहून मोठा असता तरी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा वेगाने पाणी उतरवू नये. आतला उतार पाण्याने जड झालेला असतो, पाण्याचा टेका एकदम काढला की तो घसरतो. आणि झडप पावसाळ्याआधी फिरवून, ग्रीस घालून ठेवलेली असावी. या तलावाची झडप गंजून अडकली आहे, अर्धीच उघडते. देखभालीचा पहिला गुण तिथेच गेला.

उरलेले गुण सांडव्यावर गेले. सांडवा ३० मीटरचा, उंबऱ्यापासून पाळीच्या माथ्यापर्यंत २ मीटर अंतर. पूर येईल तेव्हा १ मीटर पाणी चढेल, वर १ मीटर मोकळं राहील, असं हे आखलेलं. लहान धरणांचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला पुरावा, असं भारतीय मानक सांगतं. रचना त्याला धरूनच आहे आणि उत्तम आहे. नंतर तिच्यात तीन गोष्टी शिरल्या. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून उंबऱ्यावर बांबू ठोकून जाळं लावलं. पहिल्या पुरात त्याला बेशरमाची झुडपं, कापसाच्या पऱ्हाट्या, प्लास्टिक अडकतं आणि निम्मा सांडवा बंद होतो. पाणी जास्त साठावं म्हणून दिवाळीत लावायच्या मातीच्या गोण्या ऑगस्टमध्येच उंबऱ्यावर रचल्या, दीड फूट उंच. आणि सांडव्याचं पाणी खाली नाल्यात नेणारा पुच्छ कालवा शेतांचे धुरे सरकत सरकत निम्म्याहून अरुंद झाला.

यातली एकेक गोष्ट क्षुल्लक दिसते. एकत्र काय होतं ते पहा. मोठा पूर, ऐन भरात तलावात सेकंदाला ७० घनमीटर शिरणारा, मोकळ्या सांडव्यावर ९८ सेंटिमीटर चढून निघून जातो. गोण्या असल्या तर सगळंच ४५ सेंटिमीटर वर सरकतं, पाणी जुन्या उंबऱ्यापासून १४३ सेंटिमीटरवर. त्यात जाळ्याने निम्मा सांडवा बंद असेल तर १८३ सेंटिमीटरवर. पाळीचा माथा कागदावर २०० सेंटिमीटरवर आहे. पण जुन्या नाल्याच्या पात्रावर, जिथे भराव सर्वांत उंच, तिथे साठेक मीटर लांबीत पाळ खचली आहे आणि माथा १६० सेंटिमीटरवरच उरला आहे. पाणी तिथूनच जाणार. मातीच्या पाळीवरून पाणी वाहणं म्हणजे अर्ध्या-एक तासाचा खेळ: बाहेरच्या उताराच्या पायथ्याशी घळ पडते, ती माथ्याकडे खात जाते, आणि माथा कापला गेला की साठलेले ३ लाख घनमीटर एका वाटेने निघतात. पुराचा तिसरा हिस्सा कापणारा तलाव त्या घटकेला पुरापेक्षा मोठा पूर होतो.

खचलेला माथा भरून काढणं हे या तलावाचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांबलेलं काम आहे. ६० मीटर लांबी, ३ मीटर रुंदी, सरासरी २५ सेंटिमीटर जाडी. ४५ घनमीटर दाबलेला भराव, म्हणजे १६ ब्रास. दाबताना माती बसते हे धरून २० ब्रास आणायची. वीस ट्रॉल्या. एवढ्यासाठी पाळ वर्षानुवर्षं खोलगट राहते. करायची पद्धत मात्र सोडू नये. माथ्यावरचा गवताळ, सैल १५ सेंटिमीटरचा थर खरवडून काढायचा, खालचा भाग टिकावाने खडबडीत करायचा, पाणी शिंपडायचं. मधल्या भागात, जिथे खाली काळ्या मातीचा गाभा आहे, तिथे चिकण मातीच. दोन्ही कडांना मुरूम. थर १५ ते २० सेंटिमीटरचे, प्रत्येकावर रोलर, मगच पुढचा. ओलावा किती हे मुठीत कळतं: माती दाबली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत, भुगा नाही. मे महिन्यात ट्रॉली ओतून ट्रॅक्टरचं चाक फिरवलेली कोरडी माती पहिल्याच पावसात पुन्हा बसते. हे काम हिवाळ्यात करावं, मातीत अंगची ओल असते तेव्हा.

काळ्या मातीची पाळ म्हणून आणखी एक जपावं लागतं. उन्हाळ्यात माथ्यावर लांबीच्या दिशेने भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून थेट गाभ्यात उतरतं. वरून माती सारून भेग बुजवली की ती दिसेनाशी होते, जात नाही. भेगेच्या रेषेवर तिचा तळ लागेपर्यंत चर खणायचा, ओली चिकण माती थराथराने धुमसाने ठोकून भरायची आणि सगळ्या माथ्यावर मुरमाचं वीतभर आवरण द्यायचं. खालची काळी माती वाळली नाही तर भेगाळतही नाही. भेग लांबीला समांतर नसून आडवी, आतल्या अंगाकडून बाहेरच्या अंगाकडे जाणारी असेल, तर गावपातळीवर हात न लावता अभियंत्याला बोलवावं. ती भेग म्हणजे पाण्याला मिळालेली सरळ वाट असते.

बांधकामाला चार गुण दिले ते खरोखर कमावलेले आहेत. आतला उतार अडीचास एक, बाहेरचा दोनास एक. आतल्या उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचं दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, त्याखाली खडी-मुरमाचा थर. बाहेरच्या पायथ्याशी दगडी टो, म्हणजे दगडांचा बुटका बांध, आणि मातीच्या व दगडाच्या मध्ये वाळूची गाळणी. ही गाळणी दिसत नाही म्हणून तिची किंमत कळत नाही. पाळीतून पाणी झिरपणारच. ते माती न घेता बाहेर पडावं, यासाठी ती असते. पाचवा गुण गेला तो विमोचक नळामुळे. नळाच्या भोवती रोलर चालत नाही, तिथली माती हाताने ठोकावी लागते, आणि तिथेच घाई झालेली दिसते: नळाच्या बाहेरच्या तोंडाशी बारा महिने ओल आहे. मातीचे लहान तलाव पाळीवरून पाणी जाऊन फुटतात, नाहीतर नळाच्या अंगाने माती वाहून जाऊन. बाकीची कारणं त्यामानाने विरळ.

झाडांचं म्हणाल तर मनगटापेक्षा बारीक बाभूळ, निंब, बेशरम दरवर्षी मुळासकट उपटून काढावं. मोठं झालेलं झाड नुसतं तोडून खोड ठेवलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. मुळांचा गड्डा काढून खड्डा थराथराने भरावा लागतो, तोही तलाव उतरलेला असताना. घुशी आणि साळिंदराची बिळं बाहेरच्या उतारावर असतात, गवत वाढलं की दिसत नाहीत. म्हणून गवत कापलेलं हवं, उपटलेलं नको. ढोरं पाळीवर चारू नयेत, त्यांच्या वाटांच्या घळी होतात. पिचिंगचे दगड घराच्या जोत्याला नेलेले इथेही दिसतात, वरच्या तीन-चार ओळी गायब आहेत. लाटा नेमक्या तिथेच आपटतात.

गाळ काढण्याला आमचा विरोध नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून वावरांना चांगली माती मिळते, साठा वाढतो. पण पोकलेन पाळीच्या आतल्या पायथ्याशी आणू नये. पाळीच्या उंचीच्या किमान पाचपट अंतर सोडावं, इथे ४५ मीटर. आणि गाळाखाली मुरूम लागला की थांबावं. तळातल्या चिकण थराला भोक पडलं तर पाणी पाळीखालून वाट काढतं. या तलावात एका जागी हे झालेलं आहे: आत पायथ्यापासून दहा-बारा मीटरवर खोल खड्डा, आणि खाली पाळीच्या पल्याड नव्याने फुटलेला झिरपा.

या सगळ्यावर लक्ष कोणाचं? २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात, आणि १० ते १५ मीटरमधली काही अटींवर. ९ मीटरची पाळ त्यात बसत नाही. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, पण पाळीवर रोज नजर ठेवणारं माणूस गावातलंच लागतं. या तलावाला चौकीदार नाही, मोजपट्टी नाही, दुरुस्तीची वही नाही. सांडव्याच्या भिंतीवर १० सेंटिमीटरच्या खुणा रंगवायला एक डबा रंग लागतो. खूण ६० च्या वर गेली की रपट्यावरची, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरची, वाहतूक बंद, ९० च्या वर गेली की नाल्याकाठची घरं रिकामी, एवढं ठरवून ठेवलं तरी रात्रीच्या पावसात कोतवालाला आणि पोलीस पाटलाला काय करायचं ते कळतं.

या तलावाकडून काय मागू नये, तेही लिहायला हवं. त्याचा आवाका त्याच्या ४ चौरस किलोमीटरपुरता. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीने मोवाड बुडवलं, जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तसल्या पुरापुढे एका नाल्यावरची पाळ काहीच करू शकत नाही. नदीचा फुगवटा नाल्यात उलटा चढला तर गाव खालून बुडतं, वर तलाव कितीही चांगला असो. पण नाल्याकाठच्या वीस-पंचवीस घरांसाठी, रपट्यासाठी, काठाच्या सोयाबीनसाठी ३३ आणि २२ मधला फरक म्हणजे उंबऱ्यात पाणी आणि अंगणात पाणी एवढा आहे. त्यासाठी मागायचं ते एवढंच: जाळं उंबऱ्यावरून काढून आत पंधरा-वीस मीटरवर अर्धगोलात लावा, लांबी दीड-दोन पट होते, कचरा उंबऱ्यावर येत नाही आणि मासेही राहतात. गोण्या परतीचा पाऊस संपल्यावर लावा. पुच्छ कालवा मोजून ३० मीटर मोकळा करा. वीस ट्रॉल्या माती टाका.

आणि नळाच्या तोंडाशी जी ओल आहे, तिच्याजवळ दर पंधरवड्याला जा; पाऊस लागला की रोज. चर काढून झिरप्याचं पाणी एका जागी आणा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते लिहून ठेवा. २० सेकंद लागत असतील तर मिनिटाला ४५ लिटर. तलावाची पातळी तीच असताना वेळ कमी होत गेला, तर वाट रुंदावते आहे. मग काचेची पारदर्शक बाटली त्या पाण्याने भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी पाणी वरपासून खालपर्यंत सारखं नितळ असेल तर पाळ नुसती घामेजते आहे. तळाला मातीची बारीक रेघ बसलेली दिसली, तर ती माती पाळीच्या पोटातली आहे. अशा वेळी ती जागा चिखलाने किंवा सिमेंटने बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि सगळ्यात वर दगड असा वजनदार थर द्या, पाणी निघू द्या आणि माती अडवा. विमोचक पूर्ण उघडा, आणि त्याच दिवशी तहसीलदारांना व जिल्हा परिषदेच्या अभियंत्याला बाटलीसकट कळवा.